ट्रॉली भरली की ट्रॅक्टरची पुढची चाकं हलकी पडतात – माल पुढं घ्यावा का मागं?

गोदाकाठ

राम राम मंडळी.

आमच्याकडं ४५ एचपीचा टू व्हील ड्राईव्ह ट्रॅक्टर आहे. यंदा नवी दोनचाकी टिपिंग ट्रॉली घेतली. आधीची चारचाकी होती, तिला कधी हा त्रास नव्हता. नव्या ट्रॉलीत शेणखत नाहीतर सोयाबीनची पोती भरली की स्टेअरिंग एकदम हलकं लागतंय. डांबरीवर भागून जातं, पण रानातून बांध चढून रस्त्याला लागताना पुढची चाकं उचलायलेत. स्टेअरिंग वळवलं तरी ट्रॅक्टर सरळच जातो.

घरात दोन मतं आहेत. चुलते म्हणतात, माल मागं सरकव, हुकावरचं ओझं कमी होईल. वडील म्हणतात, मागं अजिबात नको, ट्रॉली उलाळ होईल, म्हणजे मागं झुकून पुढून वर उचलेल. दोघांचंही आयुष्य ट्रॅक्टरवर गेलंय, म्हणून इथं विचारतोय. आमचं निम्मं रान केजकडं आहे आणि तिथून माल आणायचा म्हणजे धारूरचा घाट उतरून तेलगावकडं यावं लागतं. त्या घाटाची वळणं आणि रुंदी ज्यांना माहीत आहे त्यांना माझी काळजी कळेल.

बालाघाटी

दादा, आधी दोन गोष्टी सांगा. पुढच्या बंपरला वजनाच्या प्लेटी आहेत का? आणि ट्रॉली नेमकी कशाला जोडता? खालच्या हुकाला, का टॉप लिंकच्या (अवजारं जोडायच्या वरच्या दांडीच्या) जागी काही जुगाड करून वर?

गोदाकाठ

जोडतो खालच्या हुकालाच. प्लेटी नाहीत. ट्रॅक्टर जुना घेतलाय, आधीच्या मालकानं काढून ठेवल्या असतील.

बालाघाटी

हूक खाली आहे हे चांगलं. ते कधीही वर नेऊ नका. मागच्या आक्सलच्या मध्यापेक्षा वरून ओढलं की ट्रॅक्टर मागच्या मागं उलटतो, आणि तो दीड सेकंदात उलटतो, उडी मारायलाही वेळ मिळत नाही. काळ्या रानात ट्रॉली रुतली की लोक साखळी वर कुठंतरी अडकवून जोर लावतात. मागची चाकं चिखलात धरून राहतात, फिरत नाहीत, मग इंजिनाची सगळी ताकद पुढचं तोंड उचलण्यात जाते. रुतलं तर माल उतरवा, दुसरा ट्रॅक्टर लावा, जमलं तर मागं घेऊन काढा. जोर लावू नका.

माल पुढं का मागं, ते वाळूजवाल्या यंत्री साहेबांना सांगू द्या. ते आकडे मांडतात.

वाळूजचा यंत्री

गोदाकाठ भाऊ, मांडूनच बघू.

तुमच्या ट्रॅक्टरचं नेमकं वजन तुम्ही काट्यावर बघालच. तोवर २१०० किलो धरतो. टू व्हील ड्राईव्हमध्ये साधारण ४० टक्के वजन पुढं असतं, म्हणजे ८४० किलो पुढच्या चाकांवर आणि १२६० मागच्या. दोन आक्सलमधलं अंतर २ मीटर. हूक मागच्या आक्सलच्या ७० सेंटीमीटर मागं. भरलेली ट्रॉली ५ टनांची आणि तिचं हुकावरचं ओझं ६०० किलो.

हे ६०० किलो मागच्या आक्सलवर बसत नाहीत, त्याच्याही मागं बसतात. मागची चाकं टेकू झाली, ट्रॅक्टर झाला तरफ. ६०० गुणिले ०.७ भागिले २, म्हणजे २१० किलो पुढच्या चाकांवरून उचलले गेले. पुढं राहिले ६३०. मागं मात्र ६०० नाही, ८१० किलो वाढले. हा हिशेब सपाटीवर उभ्या गाडीचा.

आता १२ ला १ चढ घ्या, म्हणजे १२ मीटर पुढं गेलं की १ मीटर वर. ट्रॉली ओढायला चढाचे ४१५ आणि चाकांच्या अडथळ्याचे १५० धरून साधारण ५६५ किलोची ओढ लागते. ही ओढ जमिनीपासून अर्धा मीटर उंचीवर लागते, ती पुढून आणखी १४० किलो काढते. ट्रॅक्टर स्वतः चढावर मागं कलतो, त्याचे ७० गेले. पुढं उरले ४२०.

ट्रॅक्टरच्या मोकळ्या वजनाच्या किमान २० टक्के भार पुढच्या चाकांवर राहिलाच पाहिजे, असा सर्वत्र पाळला जाणारा ठोकताळा आहे. २१०० चे २० टक्के म्हणजे ४२०. म्हणजे १२ ला १ चढावर तुम्ही अगदी काठावर आहात.

आणि बांध? तिथला चढ क्षणभर का होईना ५ ला १ असतो, माती भुसभुशीत. तोच हिशेब केला तर पुढं शंभर-सव्वाशे किलोच उरतात. दोन चाकांवर मिळून एका माणसाएवढं वजन. एवढ्यावर चाक वळतं, ट्रॅक्टर वळत नाही.

चारचाकीला हा त्रास का नव्हता तेही यातच आहे. तिचं पुढचं ओझं तिच्याच पुढच्या आक्सलवर, फिरत्या चकतीवरून उतरतं. दांडा बिजागरीवर असतो. हुकावर फक्त दांड्याचं वजन येतं.

गोदाकाठ

मग चुलत्यांचं बरोबर झालं ना? मागं सरकवलं की ६०० चे २०० होतील, पुढची चाकं जमिनीवर राहतील.

वाळूजचा यंत्री

बांधापुरतं बरोबर. रस्त्यावर आणि उतारावर तेच अंगाशी येतं.

मागच्या चाकांवर वाढलेले ८१० किलो हीच तुमची पकड आहे. चढताना ओढायला आणि उतरताना थांबवायलाही. टू व्हील ड्राईव्हचे ब्रेक मागच्या दोन चाकांनाच असतात. हुकावरचं ओझं काढून घेतलं की ब्रेकच काढून घेतल्यासारखं होतं. त्याच्या पुढं जाऊन भाराचा मध्य आक्सलच्या मागं गेला, तर ट्रॉली हूक वर उचलते आणि ट्रॅक्टरची मागची चाकं हलकी होतात. शिवाय मागं जड असलेली एक आक्सलची ट्रॉली वेग वाढला की शेपूट हलवायला लागते.

म्हणून ६०० कमी करण्यापेक्षा पुढं वजन घाला. पुढच्या आक्सलच्या ७० सेंटीमीटर पुढं १०० किलोच्या प्लेटी लावल्या तर पुढच्या चाकांवर १०० नाही, १३५ किलो वाढतात, कारण तिथं तरफ तुमच्या बाजूनं काम करते. एकूण ट्रॉलीच्या १० ते १५ टक्के ओझं हुकावर असावं. ५ टनांना ६०० म्हणजे १२ टक्के, ते जागच्या जागी आहे. फक्त ट्रॅक्टरच्या पुस्तकात हुकावरच्या ओझ्याची मर्यादा दिलेली असते, ती बघा. मर्यादा कमी असेल तर ट्रॉलीतला माल कमी करायचा, मागं सरकवायचा नाही.

पांढरीचा पाटील

माझं वय सत्तरीच्या पुढं आहे, लेकाच्या मोबाईलवरून लिहितोय. ट्रॅक्टर मी कमी चालवला, बैलगाडी जास्त. गाडी भरताना आधी हेच बघायचो. पुढं जास्त झालं की जू बैलाच्या मानेवर बसतं, खांदा सुजतो. मागं जास्त झालं की गाडी उलाळ होते, जू वर उचलतं आणि जुपण्या, म्हणजे बैल जुवाला बांधायचे पट्टे, बैलाच्या गळ्याला फास लावतात. दोन पोती इकडची तिकडं केली की भागायचं. चढाला गाडीवान पुढं सरकून धुरेवर बसायचा, उताराला मागं यायचा. बैल कुठं जड होतंय ते चालीतून सांगायचा. लोखंड सांगत नाही, म्हणून पोरांनो भरतानाच बघत जा. गोदाकाठच्या वडिलांचं बरोबर आहे.

आक्सलवाला लातूर

मी ट्रॉल्या बनवतो, म्हणून माझ्या बाजूनं सांगतो.

सगळी गंमत आक्सल कुठं बसवलाय यात आहे. हौद्याच्या बरोबर मध्यावर आक्सल बसवला आणि माल सारखा भरला तर हुकावर जवळपास काहीच येत नाही. म्हणून आक्सल मध्यापासून मागं घ्यावा लागतो. किती, त्याचाही हिशेब सोपा आहे. हुकापासून आक्सलपर्यंत ३.३ मीटर असेल, तर १२ टक्क्यांसाठी भाराचा मध्य आक्सलच्या ४० सेंटीमीटर पुढं यायला हवा.

यात एक गोष्ट लोकांना खरी वाटत नाही. ५ टनांच्या ट्रॉलीत सगळा माल फक्त १० सेंटीमीटर पुढंमागं झाला, तरी हुकावरचं ओझं १५० किलोनं बदलतं. एक वीत म्हणजे ३०० किलो. म्हणून पोती पुढच्या फाळक्याला टेकवून उंच थप्पी मारली आणि मागं मोकळं ठेवलं, तर त्याच ट्रॉलीचं हूक वाकलेलं मी दुकानात बघितलंय. अर्धी ट्रॉली भरायची असेल तर माल आक्सलवर आणि थोडा पुढं ठेवा.

दुसरं, ट्रॉली जोडल्यावर हौदा समपातळीत आहे का ते लांबून उभं राहून बघा. हूक उंच आणि ट्रॉली नाकानं वर असेल तर शेणखत, वाळू चालता चालता मागं सरकते. टायर बदलले, जाड रिमोल्ड घातले, की ही पातळी बदलते. त्याकडं कुणी बघत नाही.

आणि टिपिंग करताना ट्रॅक्टर-ट्रॉली सरळ रेषेत आणि सपाट जागी पाहिजे. हौदा उचलला की भार आक्सलच्या मागं जातो, हूक वर ओढलं जातं. पिनेला खालून खिळा नसेल तर पिन निसटते.

जालना रोड

माझा प्रश्न थोडा वेगळा, पण याच धाग्यात बसेल. माझं बांधकामाचं काम आहे. पिकअपच्या मागं काँक्रीटचा मिक्सर लावून साइटवर नेतो. ५० च्या पुढं गेलं की मिक्सर डोलायला लागतो, आणि एकदा डोलायला लागला की पिकअपचं मागचं अंगही ओढतो. हूक घट्ट करून बघितलं, फरक नाही.

वाळूजचा यंत्री

मिक्सर ५० ला ओढू नका. त्याला बहुतेक वेळा पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) नसतात, चाकं लहान असतात आणि आक्सल गावातल्या गावात हलवण्यापुरता असतो. ३० च्या आत ठेवा. लांबची साइट असेल तर टेंपोत चढवून न्या.

डोलण्याचं कारण समजून घ्या, कारण ते सगळ्या एक आक्सलच्या ट्रेलरला लागू आहे. खड्ड्यानं, वाऱ्यानं किंवा शेजारून गेलेल्या ट्रॅव्हल्सच्या झोतानं ट्रेलर थोडा बाजूला जातो. टायर त्याला परत ओढतात. वेग कमी असेल तर दोन-तीन हेलकाव्यांत तो शांत होतो. वेग वाढेल तसं हे शांत होणं मंदावतं, आणि एका वेगाच्या पुढं प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होतो. तो वेग कोणता हे वजन कुठं ठेवलंय यावर ठरतं. हुकावर पुरेसं ओझं आणि जड वस्तू आक्सलजवळ असेल तर तो वेग वर जातो. मागं जड असेल तर खाली येतो. आणखी एक, जड वस्तू दोन टोकांना ठेवून तोल बरोबर साधला तरी ट्रेलर डोलतो. टोकांना वजन असलं की एकदा सुरू झालेलं फिरणं थांबवायला जास्त जोर लागतो.

ड्रममध्ये वाळलेलं काँक्रीट साठलेलं असेल तर ते फोडून काढा, पाणी ओतून टाका. दांड्याखाली साधा वजनकाटा ठेवून हुकावर किती येतं ते मोजा. १००० किलोच्या मिक्सरला १०० ते १५० किलो यायला हवेत.

आणि डोलायला लागलाच तर जोरात ब्रेक मारू नका. पुढची गाडी थांबते, मागचं धड ढकलत राहतं आणि गाडी दुमडते. ॲक्सिलरेटरवरून पाय हळू काढा, स्टेअरिंग सरळ धरून ठेवा. हेलकाव्याच्या उलट स्टेअरिंग मारायचा मोह होतो, पण हात नेहमी अर्धा हेलकावा उशिरा पोचतो आणि डोलणं वाढतं. वेग वाढवून सरळ होईल असं काही जण सांगतात. ते ऐकू नका.

फडावरचा

हे सगळं ठीक आहे साहेब, पण दोनचाकीवर इतकी चर्चा आणि रस्त्यावर खरा प्रश्न उसाचा आहे. आम्ही हंगामात एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या लावतो. टनावर पैसे मिळतात. ऊसतोड टोळीला उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, आधीच दिलेली असते, हप्ते चालू असतात. कमी भरून परवडत नाही. ट्रॉलीला ब्रेक बसवा म्हणणारे पुष्कळ, पण ब्रेकचे पैसे टनाच्या दरात कुणी धरत नाही. मी जाणूनबुजून कुणाचा जीव धोक्यात घालत नाही, पण माझ्यासारख्यानं नेमकं करायचं काय?

वाळूजचा यंत्री

फडावरचे भाऊ, तुमचा प्रश्न खरा आहे आणि त्याचं पूर्ण उत्तर तुमच्या एकट्याच्या हातात नाही. पण तुमच्याच गाडीचा हिशेब एकदा डोळ्यांसमोर असू द्या.

तोच २१०० किलोचा ट्रॅक्टर. मोकळा असताना मागच्या चाकांवर १२६० किलो. कोरड्या डांबरावर टायरची पकड भाराच्या ६० टक्के धरली तर ब्रेकचा जोर फार तर ७५० किलो. मोकळा ट्रॅक्टर ३० च्या वेगातून साधारण १० मीटरमध्ये थांबतो. गोदाकाठची ५ टनांची ट्रॉली जोडली तर मागचा भार वाढतो, पण थांबवायचं वजन ७ टनांवर जातं. सपाटीवर २० मीटर. १२ ला १ उतारावर ३८ मीटर.

आता दोन चारचाकी ट्रॉल्या, प्रत्येकी १० टन. हुकावर ओझं नाही, म्हणून पकड तेवढीच, ७५० किलो. वजन २२ टन. १२ ला १ उतार या २२ टनांना १८०० किलोच्या जोरानं खाली ढकलतो. चाकांचा अडथळा ४००-४५० किलो धरून टाका, तरी ७५० आणि ४५० मिळून १२००. म्हणजे ब्रेक करकचून दाबले, चाकं जाम झाली, तरी गाडी थांबत नाही. ती वेगच घेते. इंजिनाचा ब्रेकही याच दोन टायरांतून जमिनीला लागतो, त्यानं पकड वाढत नाही. ब्रेक फेल झाले असं नंतर सगळे म्हणतात. कित्येक वेळा ब्रेक शाबूत असतात, जमीनच धरत नाही. आणि वळणावर असं झालं की मागचा जोर तिरका लागतो, ट्रॅक्टर आडवा होतो आणि ट्रॉली त्याच्यावर चढते.

तुमच्या हातात जे आहे ते सांगतो. घाट असेल तर वर ट्रॉल्या सोडा आणि एकेक करून उतरवा, किंवा लांबचा सपाट रस्ता घ्या. दोन्हींत माल सारखा नसेल तर जड ट्रॉली ट्रॅक्टरला लागून आणि हलकी मागं. मागची जड असेल तर ती पुढचीला ढकलते आणि शेपटासारखी फिरते. ऊस मागं जास्त बाहेर येऊ देऊ नका आणि उंची आवरा. बाकी ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक हाच खरा उपाय आहे. तो खर्च वाहतुकीच्या करारात धरला जावा यासाठी तुम्ही वाहतूकदारांनी मिळून हंगामाआधी बोलायला हवं, हंगाम लागल्यावर कुणी ऐकत नाही.

साखरशाळेची ताई

मध्येच बोलते, कारण हे कुणी लिहिलं नाही. मी ऊसतोड टोळीच्या लेकरांना शिकवते. फडावरून कोपीवर, म्हणजे राहायच्या झोपडीवर, येताना बायका, लेकरं ट्रॉलीच्या दांड्यावर, नाहीतर भरलेल्या उसावर बसतात. दांड्यावर बसलेलं माणूस ट्रॅक्टर आणि ट्रॉलीच्या मधोमध असतं. यंत्री दादा म्हणतात तशी गाडी दुमडली तर सगळ्यात आधी तेच सापडतं. कृपा करून टोळीला वेगळ्या गाडीनं न्या, नाहीतर चालत येऊ द्या. आणि मागच्या ट्रॉलीला रिफ्लेक्टर लावा. रात्री विनालाईट उभी असलेली ट्रॉली मोटारसायकलवाल्याला दिसत नाही.

फडावरचा

ताई, रिफ्लेक्टर आहेत, पण उसानं झाकले जातात. उद्या खाली दांडीवर लावतो. टोळीचं मुकादमाशी बोलतो. येडशीच्या बाजूला जायचं असलं की ट्रॉल्या सोडून एकेक उतरवता येतील, वर जागा आहे. त्यात एक खेप कमी होईल दिवसाला. बघतो.

गोदाकाठ

सगळ्यांचे आभार. मोंढ्यातल्या काट्यावर जाऊन आलो. यंत्री साहेबांनी मला वेगळ्या निरोपात रीत सांगितली होती, ती इथं लिहितो, सगळ्यांच्या कामाला येईल. भरलेली ट्रॉली जोडलेली ठेवून फक्त ट्रॅक्टरची पुढची चाकं काट्यावर घ्यायची. जो आकडा येईल तो पुढचा भार. मग ट्रॉली सोडून मोकळ्या ट्रॅक्टरची पुढची चाकं घ्यायची. दोन्हींतला फरक म्हणजे ट्रॉलीनं उचललेलं वजन. काटा आणि बाजूची जमीन एका पातळीत पाहिजे, नाहीतर आकडा चुकतो.

माझा मोकळा आकडा ८६०, जोडल्यावर ६१०. साहेबांच्या हिशेबाच्या जवळच आलं. चुलते सोबत होते, त्यांनी स्वतः आकडा बघितला आणि बंपरच्या प्लेटी मिळतात का ते तेच बघायला गेले. १०० किलोच्या मिळाल्या. आता ७४५ दाखवतोय. बांधाचा चढ जेसीबीनं मोडून लांब उतार करून घेतला, कारण प्लेटी लावल्या तरी तो चढ तसाच ठेवणं बरोबर नाही.

आता घाटाचं सांगा बालाघाटी दादा. कुठला गिअर?

बालाघाटी

ज्या गिअरमध्ये तो भरलेला घाट चढला असता, त्याच्याही एक खाली. आणि तो वर, सपाटीवर असतानाच टाका. उतारावर गिअर बदलायला क्लच दाबला की त्या क्षणी ट्रॉली मोकळी ढकलते, आणि पुन्हा गिअर पडेलच असं नाही. न्यूट्रल तर डोक्यातही आणू नका, डिझेल वाचवायचं असेल तर दुसरीकडं वाचवा.

ब्रेकचे दोन पॅडल पट्टीनं एकत्र अडकवा. रानात वळायला आपण ते सुटे ठेवतो आणि रस्त्यावर विसरतो. घाटात एकच पॅडल दाबलं गेलं तर एकच चाक धरतं आणि ट्रॅक्टर त्या बाजूला फिरतो. ब्रेक दाबून धरून ठेवू नका, तापतात. थोडं दाबा, वेग उतरला की सोडा, पुन्हा दाबा. वळणाच्या आधी वेग कमी करा, वळणात नाही. धारूरच्या बाजूनं सकाळी लवकर निघा म्हणजे समोरून ट्रक कमी येतील, अरुंद जागी थांबायची वेळ येणार नाही. आणि पहिल्या खेपेला ट्रॉली पाऊणच भरा.